शेतात जुनी खापरं सापडतात. ती जागा पुरातत्त्वाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे हे कसं ठरवतात?

आधी मातीचा रंग बघतात. आपल्याकडे शेताला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणतात ते उगाच नाही. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून जमीन पांढुरकी होते. म्हणून नदीकाठी काळ्या रानात मधेच पांढरीचं टेकाड दिसलं की सर्वेक्षण करणारा थांबतोच.

मग पायी फिरून खापरं गोळा करायची, कुठे दाट, कुठे विरळ ते नकाशावर मांडायचं. खापरावरून काळाचा अंदाज येतो. लाल, पातळ, वर काळी नक्षी आणि टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारं असेल तर जोर्वे संस्कृतीचं (महाराष्ट्रातल्या जुन्या शेतकरी वस्त्यांचं), म्हणजे साधारण ३,००० वर्षांपूर्वीचं असू शकतं. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी उत्खनन झालेलं इनामगाव त्याच काळातलं.

महत्त्व मात्र नुसत्या जुनेपणावर ठरत नाही. जुन्या वस्तीचे मातीतले थर किती जाड, किती काळांचे, आणि मुख्य म्हणजे शाबूत आहेत का? पांढरी माती खत म्हणून उपसून नेलेली असेल तर फारसं हाती लागत नाही.

तुम्ही स्वतः खणू नका. फोटो काढा, गट नंबर लिहा, राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. नाणी-दागिने निघाले तर जमिनीत सापडलेल्या धनाबद्दलच्या १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना सांगावंच लागतं.