पॅनेल वर, मोटर खाली

प्रश्न : आमची पाणीपुरवठा संस्था वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी आहे. ७५ एचपीची मोटर, स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी ‘स्टार’ जोडणीत कमी जोराने सुरू करून मग पूर्ण व्होल्टेजच्या ‘डेल्टा’ जोडणीत नेणारा). २०१९ च्या पुरात स्टार्टर बुडाला म्हणून त्याचं पॅनेल ३०० मीटर लांब, उंचावर नेलं. ३५ स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटर जाडीच्या) दोन ॲल्युमिनियम केबल खाली सोडल्या आहेत. तेव्हापासून मोटर स्पीड धरत नाही, तापते. दोनदा रिवाइंडिंग झालं. पॅनेलवर तर ४१० व्होल्ट दिसतात. मोटर बदलावी का?

उत्तर : मोटरच्या वाटेला जाऊ नका, बिचारीचा काही दोष नाही. पॅनेलवरचा मीटर पॅनेलची खुशाली सांगतो, जॅकवेलवरची (नदीकाठच्या, मोटर असलेल्या विहिरीवरची) नाही. मोटर भरात चालू असताना वायरमनकडून खाली टर्मिनल बॉक्समध्ये व्होल्टेज मोजून घ्या.

माझा हिशेब असा. ७५ एचपीला साधारण १०० अँपिअर लागतात. डेल्टात दोन केबलच्या सहा तारांपैकी प्रत्येकीतून ५८ जातात, पण वाइंडिंगच्या (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीच्या) दोन्ही टोकांना ३००-३०० मीटरची तार आहे. चालू भारावर केबलमध्येच ३० व्होल्टच्या वर जातात. ४१० चे खाली ३८० सुद्धा उरत नाहीत. पंपाला पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून व्होल्टेज कमी पडलं की मोटर अँपिअर जास्त ओढते आणि तापते.

खरी गोम मात्र स्टार्टिंगला आहे. स्टारचा काँटॅक्टर (कॉइलवर चालणारा स्विच) वर पॅनेलमध्ये आहे, म्हणजे २०० अँपिअरचा करंट एका केबलने खाली जातो आणि स्टार जोडायला दुसऱ्या केबलने परत वर येतो. सहाशे मीटरची वारी! वाइंडिंगला पोचतं ते जेमतेम ८० टक्के व्होल्टेज. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून जोर उरतो ६४ टक्के. आणि तोही कशाचा? स्टारमध्ये आधीच एक तृतीयांशावर आलेल्या जोराचा. स्पीड कुठून धरणार?

स्टार्टर परत खाली नेऊ नका, पूर पुन्हा येणारच. वर सॉफ्ट स्टार्टर (व्होल्टेज हळूहळू चढवणारा स्टार्टर) बसवा. त्याला मोटरकडे तीनच तारा लागतात. डेल्टाच्या पट्ट्या टर्मिनल बॉक्समध्येच टाका आणि आहेत त्या दोन केबल पॅरलल जोडा. चालू भारावर केबलमध्ये जाणारं व्होल्टेज, म्हणजे ड्रॉप, २४ व्होल्टांवर येईल. तेवढ्याच जाडीची, तेवढ्याच लांबीची तिसरी केबल टाकलीत तर १६. खर्च झेपत असेल आणि १८५ स्क्वेअरची एकच नवी केबल टाकलीत, तर ११. केबलमध्ये ३ टक्क्यांवर ड्रॉप मी तरी सहन करत नाही, पण संस्थेची तिजोरी मला दिसत नाही. तोवर निदान डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटर सुरू करा. सेंट्रिफ्युगल पंपाला तेव्हा भार कमी असतो.

प्रश्न : तासगावजवळ आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. अमोनिया कॉम्प्रेसरची १०० एचपी मोटर सुरू होताना दिवे मंदावतात, बाकीचे काँटॅक्टर खडखडतात, कधी सुटतातही. ३१५ केव्हीए ट्रान्सफॉर्मर मोठा करावा का?

उत्तर : तुमचा स्टार्टरही स्टार-डेल्टाच असणार. आधी त्याचा टायमर (स्टारमधून डेल्टात कधी जायचं ते ठरवणारा) बघा, तो फुकट आहे. तुमच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण करंट ४२० अँपिअर, इम्पीडन्स (आतला अडथळा) साडेचार टक्के धरू. मोटर स्टारमध्ये साधारण २८० ओढते, म्हणजे तिथे ड्रॉप ३ टक्केच. पण टायमर तीन-चार सेकंदांवर असेल, तर मोटर वेगात यायच्या आतच डेल्टात ढकलली जाते आणि जवळजवळ डायरेक्ट स्टार्टिंगइतका, म्हणजे ८०० च्या आसपास करंट घेते. ड्रॉप ९ टक्क्यांच्या घरात जातो. त्यावर स्टार सुटून डेल्टा लागतानाचा क्षणभराचा झटका वेगळा. संध्याकाळी लाइनलाच ३९० असतील, तर काँटॅक्टरच्या कॉइलला ८५ टक्क्यांच्या आसपासच मिळतं, झटक्यात त्याहूनही कमी, आणि त्याखाली ती नीट ओढेलच याची खात्री नसते.

अँपिअर मीटरचा काटा बघत टायमर वाढवा. काटा ठळकपणे खाली आला की मोटर वेगात आली. बदल तिथे झाला पाहिजे. काटा खालीच येत नसेल, तर कॉम्प्रेसर भारावरच सुरू होतोय, अनलोडर (सुरू होताना कॉम्प्रेसरवरचा भार काढणारी यंत्रणा) तपासा. ट्रान्सफॉर्मरचं कोटेशन त्यानंतर मागवा.

प्रश्न : मिरजेत डिप्लोमा करतो. मोटरच्या पाटीवर ४१५ व्होल्ट आणि ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर ४३३, असं का?

उत्तर : ४३३ हे बिनभाराचं व्होल्टेज. भार आला की ट्रान्सफॉर्मरमध्ये काही, केबलमध्ये काही जातं. ते १८ व्होल्ट वाटखर्चाला दिलेले आहेत.

प्रश्न : साताऱ्यात एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. एका मोटरचे तीन फेजचे अँपिअर ८८, ११२, १३० येतात. व्होल्टेज ४००, ४१५, ४२४. एवढ्या फरकाने काय होतं?

उत्तर : बरंच होतं. सरासरी ४१३, सरासरीपासून सर्वांत मोठा फरक १३, म्हणजे असमतोल ३.१ टक्के. करंटमधला असमतोल याच्या सहा ते दहा पटींपर्यंत जाऊ शकतो, तुमच्याकडे २० टक्के आहेच. वाइंडिंगची तापमानवाढही जवळपास २० टक्क्यांनी चढते. एक टक्क्याच्या वर असमतोल गेला की मोटरवर पूर्ण भार टाकू नये. पाचच्या वर गेला तर चालवूच नये.

दोष सप्लायचा की मोटरचा, हे ओळखायची युक्ती सांगतो. सप्लाय बंद करून, मोटरच्या तिन्ही तारा एक-एक घर पुढे सरकवा. तिन्ही सरकल्या की फिरण्याची दिशा बदलत नाही. परत टाँग टेस्टर (तारेभोवती लावून अँपिअर मोजणारा मीटर) लावा. १३० सप्लायच्या त्याच फेजवर राहिले, तर वरचे फ्यूज, जॉइंट आणि एकाच फेजवर चढवलेला वेल्डिंगचा भार शोधा. मोटरच्या तारेबरोबर सरकले, तर मोटर उघडा.