डेस्कटॉप ॲपमध्ये डेटाबेसचा पासवर्ड कुठे ठेवायचा?

कॉन्फिग फाइलमधली कनेक्शन स्ट्रिंग (सर्व्हरचं नाव, युजर, पासवर्ड असलेली ओळ) एनक्रिप्ट केली की झालं ना, असं विचारलंय तुम्ही. नाही झालं. याच वाक्यावरून आमच्या जुन्या टीम लीडशी माझं सहा महिने वाजत होतं, म्हणून लिहायला बसलो.

बिलिंगचं सॉफ्टवेअर, डॉट नेटमधलं, साठेक मशीनवर आणि सगळीकडून एसक्यूएल सर्व्हरला थेट 'एसए'ने लॉगिन. हो, एसए, सगळे हक्क असलेलं ॲडमिन खातं! स्ट्रिंग एईएस पद्धतीने एनक्रिप्ट केलेली, पण ती उघडायची 'की' त्याच एक्झीमध्ये (ॲपच्याच फाइलमध्ये). म्हणजे कुलूप लावायचं आणि किल्ली कडीलाच लटकवायची. मी म्हटलं सर, हे दोन मिनिटांत उघडतं, तर म्हणे एवढं कोण बघतंय. मग त्यांच्यासमोरच एक्झी आयएलस्पायमध्ये (डॉट नेटच्या एक्झीतला कोड वाचता येईल असा दाखवणारं टूल) ओढून टाकली, डिक्रिप्टच्या फंक्शनवर गेलो, वरच्याच ओळीत ती 'की', १६ अक्षरांची, कंपनीचं नाव आणि पुढे १२३. तरी पटलं नाही, ऑब्फस्केटर (कोड वाचायला अवघड करणारं टूल) लावू म्हणाले.

पुढे जे झालं त्याला आयएलस्पायसुद्धा लागलं नाही. कनेक्शन फेल झालं की आमचा कोड एरर लॉगमध्ये आख्खी स्ट्रिंग पासवर्डसकट छापायचा, आणि क्लायंटकडच्या एका पोराने ती फाइल सपोर्टला मेल करताना दहा जणांना सीसी केली. मग पासवर्ड बदला आणि साठ मशीनवर नवी कॉन्फिग टाका. रविवार माझा गेला, सरांचा नाही.

तर डोमेन असेल (ऑफिसमधली सगळी विंडोज लॉगिन एकाच ठिकाणाहून चालत असतील) तर विंडोज ऑथेंटिकेशन वापरा, विंडोजच्या लॉगिननेच डेटाबेस उघडतो, पासवर्ड साठवायची भानगडच नको. फक्त युजरला टेबलांवर थेट हक्क देऊ नका, नाहीतर तोच माणूस एक्सेलमधून सगळा डेटा ओढेल, प्रोसिजर (डेटाबेसमध्येच आधी लिहून ठेवलेल्या क्वेरी) चालवायची परमिशन पुरे. डोमेन नसेल किंवा ॲप इंटरनेटवरून चालत असेल तर मध्ये एपीआय टाका, म्हणजे ॲप सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमशी बोलेल आणि तो डेटाबेसशी, पासवर्ड सर्व्हरवरच राहू दे. आणि सर्टिफिकेटची एरर आली म्हणून कनेक्शन स्ट्रिंगमध्ये ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट ट्रू करून मोकळे होऊ नका, मग समोरचा सर्व्हर खरा आहे का हे तपासलंच जात नाही.

डीपीएपीआय (विंडोजची स्वतःची एनक्रिप्शनची सोय) वाईट नाही, चोरीला गेलेली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडत नाही त्याने, पण त्याच लॉगिनवर बसलेल्या माणसापासून ते वाचवत नाही, आणि लोकल मशीन स्कोप घेतलात तर त्या मशीनवरचा कुठलाही युजर उघडू शकतो.

हां, हे सगळं कॉमन सर्व्हर धरून लिहिलंय, एकाच मशीनवर एसक्यूलाइट (सर्व्हरशिवाय, एका फाइलमध्ये राहणारा डेटाबेस) असेल तर यातलं बरंचसं सोडून द्या. ऑब्फस्केटर हवा तर लावा, सरांनी त्याचं लायसन्स घेतलंच होतं, लॉगची ती ओळ मात्र मी सोडेपर्यंत तशीच होती.