४जी जगात आधी कुठे सुरू झालं, आणि भारतात पसरायला इतका वेळ का लागला?

सुरुवात स्वीडन-नॉर्वेत. तेलियासोनेरा कंपनीने डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लोत एलटीई (म्हणजे ४जीचं तंत्रज्ञान) सेवा सुरू केली, तीही फोनवर नव्हे, लॅपटॉपला लावायच्या डोंगलवर. भारतात एअरटेलने एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात ४जी आणलं, त्याच वर्षी पुण्यातही. म्हणजे यायला फार उशीर झाला नाही, पसरायला झाला.

मुख्य अडचण स्पेक्ट्रमची, म्हणजे सिग्नलसाठी मिळणाऱ्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांची. २०१० च्या लिलावातला पट्टा २३०० मेगाहर्ट्झचा होता. इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल लांब जात नाही, भिंतींपुढे मान टाकतो. मग टॉवर जास्त लागतात. त्यावर चालणारे फोनही तेव्हा बाजारात जवळपास नव्हतेच. शिवाय एलटीईची रचनाच डेटासाठी, त्यामुळे कॉल आला की फोन ३जी किंवा २जीवर उतरायचा.

२०१६ मध्ये आलेल्या जिओने २जी-३जी ठेवलंच नाही. कॉलही व्होल्टीईवर, म्हणजे ४जीवरूनच, नेले आणि लांब पल्ल्याचा ८५० मेगाहर्ट्झचा पट्टाही वापरला. गाजावाजा फुकट डेटाचा झाला (तो हवाच होता म्हणा!), पण माझ्या मते मोठी उडी ही होती.

५जी यायचं अंतर उलट वाढलं: दक्षिण कोरियात एप्रिल २०१९, आपल्याकडे ऑक्टोबर २०२२.