पुण्यात ताजे टोमॅटो आणि बेसिल घालून केलेला पास्ता आंबट, पाणचट का होतो? बेसिलऐवजी तुळस चालेल का?

तुळशीचं आधी सांगतो: नका घालू. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी तिचा वास लवंगेच्या अंगाने जातो, आणि गरम टोमॅटोत पडली की काढा प्यायल्यासारखं वाटतं. सब्जा मात्र चालतो. फालुद्यातला सब्जा म्हणजे बेसिलच्याच जातीचं, ऑसिमम बॅसिलिकमचं बी. ते रुजवलं की येणारी पानं बहुधा लहान आणि वासाला उग्र असतात, म्हणून निम्मीच घ्या.

आता आंबट आणि पाणचट. तुम्ही लिहिलंय की इटालियन कृती जशीच्या तशी केली. ती कृती झाडावर पूर्ण पिकलेला, भरपूर गराचा टोमॅटो गृहीत धरते. आपल्याकडे नारायणगावच्या बाजूने येणारा बराचसा माल लांबच्या प्रवासात टिकावा म्हणून जाड सालीचा असतो आणि पूर्ण लाल व्हायच्या आत तोडलेला असतो. म्हणून मंडईतून आणल्यावर दोन-तीन दिवस देठाची बाजू खाली करून टोपलीत उघडे ठेवा. फ्रीजमध्ये अजिबात नको, थंडीत त्यांचा सुवास तयार होणंच थांबतं. घेताना लंबगोल, हाताला जड लागणारे निवडा. चपटे, घड्या असलेले गावठी टोमॅटो साराला फार सुंदर, पण पास्त्याला त्यांचा आंबटपणा आणि रस दोन्ही जास्त होतात.

दोघांसाठी २०० ग्रॅम पास्ता आणि अर्धा किलो टोमॅटो घ्या. दोन लिटर पाणी उकळायला ठेवा. त्याच पाण्यात टोमॅटो अर्धा मिनिट सोडून काढा, साल आपोआप सुटते. मोठ्या फोडी करा, अर्धा चमचा मीठ चोळा आणि चाळणीत वीस मिनिटं ठेवून खाली भांडं ठेवा. बिया काढून टाकू नका! पुष्कळ कृतींत तसं लिहिलेलं असतं, पण बियांभोवतीच्या बुळबुळीत भागात ग्लुटामेट गरापेक्षा जास्त असतं, आणि टोमॅटोची खरी चव त्यातूनच येते.

खाली जमलेलं पाणी कढईत एकटंच आटवा, चमच्याला चिकटेपर्यंत. हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. रस आधीच दाट झाल्यामुळे फोडींना तासभर शिजत बसावं लागत नाही आणि ताजेपणा टिकतो. तो दाट रस वाटीत काढून घ्या. मग त्याच कढईत ऑलिव्ह ऑइल, ठेचलेला लसूण (लाल होऊ देऊ नका) आणि बेसिलची एक अख्खी काडी मंद आचेवर टाका. वास सुटला की काडी काढून फोडी आणि आटवलेला रस घाला. सात-आठ मिनिटं पुरे. तरीही आंबट लागलं तर सारात घालतो तशी चिमूटभर साखर.

पास्त्याच्या पाण्यात साधारण २० ग्रॅम मीठ हवं, म्हणजे चहाचे साडेतीन सपाट चमचे. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधीच पास्ता उचलून कढईत घाला आणि पळीभर पाणी त्यातलंच घालून जोरात हलवा. त्या पाण्यातल्या पिठामुळे तेल आणि रस एकजीव होतात, पास्ता रसात पोहत राहत नाही. फोडींना मीठ आधीच लागलेलं आहे, तेव्हा वरून मीठ घालण्यापूर्वी चाखा. केचप, क्रीम, मिक्स हर्ब्सची पुडी यातलं काहीही लागत नाही, आणि माझ्या मते घालूही नये.

बेसिल गॅस बंद केल्यावरच. तिचा सुवास ज्या तेलांत असतो ती उष्णतेने उडून जातात. पानं पूर्ण कोरडी करून हाताने तोडा. ओली, चेचलेली पानं लवकर काळी पडतात. फ्रीजमध्येही ती काळवंडतातच, म्हणून जुडी पाण्याच्या पेल्यात ओट्यावर ठेवा. त्यातल्या दोन-चार काड्यांना पाण्यातच मुळं फुटतात, त्या कुंडीत लावा. पुण्यातला पाऊस त्या रोपाला मानवत नाही, मुळं कुजतात, तेव्हा ऑक्टोबरात सुरुवात केलेली बरी. तुरा दिसला की लगेच खुडा. फुलं आल्यावर रोप नवी पानं धरत नाही आणि आहेत ती कडवट होतात.