‘गुड’ लिहिलंय? थांब जरा

भाऊ, जुनं सिनेमाचं पोस्टर घ्यायची घाई समजते, पण आधी विक्रेत्याची भाषा शिकून घे. ‘गुड’ वाचून आपण चांगलं समजतो. या धंद्यात पोस्टरच्या अवस्थेला ग्रेड देतात; त्यात ‘गुड’ हे ‘मिंट’ (अगदी नव्यासारखं), ‘फाइन’च्या बरंच खाली येतं: फाटकं, डागाळलेलं, पण ओळखू येईल असं. मी पहिलं ‘गुड’ मागवलं तेव्हा घड्यांच्या चौकात बोट जाईल एवढं भोक आणि मागे पिवळी पडलेली सेलोटेप निघाली.

घडीला मात्र घाबरू नको. जुनी पोस्टरं टॉकीजला घडी घालूनच जायची. पन्नास वर्षांपूर्वीचं म्हणून एकही घडी नसलेलं ३० बाय ४० इंची पोस्टर स्वस्तात दिसलं, तर नवी छपाई तर नाही ना, ते आधी विचार.

पैसे धाडण्याआधी:
- मागच्या बाजूचा आणि कोपऱ्यांचा फोटो माग, उन्हात काढलेला. टाळाटाळ केली तर सोडून दे.
- ‘लिननबॅक्ड’ म्हणजे मागून कापड चिकटवलेलं. हे करताना फाटक्या जागी नवा रंग भरतात, तो कुठे भरलाय ते विचार.
- ‘वयाच्या मानाने उत्तम’ला काही अर्थ नसतो.

पोस्टर आलं की कूलरच्या खोलीत लावू नको, आणि मातीच्या भिंतीला तर टेकवूही नको. आपल्याकडची वाळवी ग्रेड पाहत नाही.