होम पेटला नाही, त्यात तुमचा काय दोष?

ताई, तुमचे मिस्टर लेथवर काम करतात. ओव्हरटाइम बंद झाल्यापासून दर अमावस्येला एका महाराजांच्या बैठकीला जातात. तिथे काडी न लावता होम पेटतो, लिंबातून रक्त निघतं. ११,००० रुपये देऊन झाले, आता मंगळसूत्र मागितलंय. गेल्या खेपेला होम पेटला नाही, तेव्हा ‘घरातली बाई श्रद्धेने बसत नाही’ म्हणून खापर तुमच्यावर फोडलं. तेव्हापासून झोप लागत नाही, असं लिहिलंत.

आधी हेच मनातून काढा. कुंडात पोटॅशियम परमँगनेटची पूड असते आणि तूप म्हणून ओततात ते ग्लिसरीन. दोन्ही भिडली की काही वेळाने आपोआप भडका उडतो. तेवढा वेळ भरून काढायला लांबलचक मंत्र. पूड जाडी राहिली, ग्लिसरीन गारठून घट्ट झालं किंवा त्यात पाणी गेलं, की उशीर होतो नाहीतर पेटतच नाही. लिंबाच्या सुरीला मिथिल ऑरेंज नावाचं रसायन लावून वाळवलेलं असतं, आंबट रस लागताच ते लाल होतं.

होम घरी करून बघू नका, भाजेल. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते तो करून दाखवतात. घरी हळदीचं करा: अर्धा चमचा हळद दोन चमचे पाण्यात कालवून कागदाला फासा, वाळू द्या. वाटाण्याएवढा खायचा चुना अर्धा कप पाण्यात ढवळून ठेवा आणि वरच्या निवळीचा थेंब कागदावर टाका. लाल डाग पडेल. लिंबू चोळलं की परत पिवळा.

हे दाखवताना ‘तुम्हाला फसवलं’ म्हणू नका. मशीनचं सेटिंग कळणारा माणूस आहे तो, ‘हे कसं होत असेल?’ एवढंच विचारा. बैठकीत त्यांना कुणीतरी नावाने हाक मारतं, पुढे बसवतं. घरात सध्या हप्त्यांशिवाय बोलणं होत नसेल, तर ओढ कुठली आहे ते ओळखा.

मंगळसूत्र मात्र आजच लॉकरमध्ये किंवा माहेरी ठेवा. दिलेल्या पैशांच्या नोंदी आणि मेसेज जपा. चमत्कार दाखवून पैसे उकळणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे: सहा महिने ते सात वर्षं कैद, ५,००० ते ५०,००० रुपये दंड. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. आणि मिस्टरांना एक बजावून सांगा, कंपनीतल्या कुणाला तिथे नेऊ नका. या कायद्यात मदत करणाराही गुन्हेगारच धरला जातो.