वाळूचा हिशेब

प्रश्न : उद्यमबागेत आमची छोटी फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना आहे. साच्यांची रेझिन (चिकटवणारं रसायन) मिसळलेली वाळू रोज 3 टन टाकून देतो. नवी वाळू आणि जुनी उचलायचं भाडं धरून टनाला 2,500 रुपये जातात. वाळू परत वापरायचा रिक्लमेशन प्लँट 45 लाखांना पडतो, धूळ ओढून घेणारा डस्ट कलेक्टर 12 लाखांना. मुलगा म्हणतो, पर्यावरणावर खर्च करणाऱ्या कंपन्यांचा नफा वाढतो. खरं का, सर?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : मुलगा म्हणतो ते अर्धं खरं. अशा कंपन्या नफ्यात दिसतात, पण ज्याच्या गल्ल्यात पैसा आहे तोच असा खर्च करतो की हो! आधी काय आणि मागून काय, हे ताळेबंदावरून कळत नाही. मी तीस वर्षं फाउंड्र्यांची कॉस्टिंग केली. यंत्रागणिक वेगळा हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

वर्षाचे 300 दिवस धरले तर 900 टन वाळू. 80 टक्के परत आली तर 720 टन, म्हणजे 18 लाख वाचले. वीज आणि देखभाल टनाला 600 धरा, सव्वाचार लाख गेले. उरले पावणेचौदा. म्हणजे सव्वातीन वर्षांत प्लँट फिटतो. कर्जाचं व्याज मात्र वेगळं धरा. रेझिनही थोडं कमी लागेल. पण परत आलेल्या वाळूत जळकं रेझिन आणि बारीक भुकटी राहिली, तर ओतलेल्या मालाला (कास्टिंगला) गॅसची भोकं पडतात आणि सगळी बचत रिजेक्शनमध्ये जाते. वाळूची टेस्ट रोज करा, सुपरवायझरच्या तोंडी भरवशावर राहू नका.

डस्ट कलेक्टर एक रुपया मिळवून देणार नाही. तरी घ्या. प्रदूषण मंडळाची संमती अडकली तर भट्टीच थांबते, आणि साचे फोडणाऱ्या पोरांच्या छातीत जाणारी धूळ आहेच. शिवाय शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना पर्यावरणाचा अहवाल सक्तीचा केलाय. तुमचं गिऱ्हाईक त्यातलं असेल तर प्रश्नावली आज ना उद्या तुमच्या टेबलावर येणारच.

हा खर्च सीएसआरमध्ये (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात) मात्र दाखवू नका. स्वतःच्या धंद्यासाठी केलेला खर्च त्यात बसत नाही, आणि सीएसआरच्या खर्चाला आयकरात धंद्याचा खर्च म्हणून वजावट नाही. उलट डस्ट कलेक्टरवर 40 टक्के घसारा (यंत्राच्या झिजेपोटी आयकरातली वजावट) मिळतो, साध्या मशिनरीवर 15. घेतला त्या आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी चालला तर त्या वर्षी निम्माच. तेव्हा खंडेनवमीच्या पूजेची वाट न बघता सप्टेंबरअखेर चालू करा. पूजा चालत्या यंत्राचीही होते.